कराओके ट्रॅकची पट्टी बदलून स्टेजवर गायले, त्याचा माझा अनुभव

कोजागिरीच्या कार्यक्रमात मला जे भावगीत गायचं होतं ते मूळ पुरुष गायकाचं, ट्रॅक काळी एकमधला, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी सा धरून केलेला, आणि मी गाते काळी चारमधे. म्हणजे ट्रॅक 7 सेमीटोन (काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर जाणं म्हणजे एक सेमीटोन) वर न्या नाहीतर 5 खाली, दोन्हीकडून सा काळी चारलाच येतो. बाई गाणार म्हणजे ट्रॅक चढवायचा असंच सगळे धरून चालतात, पण 7 चढवला की बासरी शिट्टीसारखी वाजायला लागते, आणि 5 उतरवला तर बेस गढूळ होतो, मागचा बायकांचा कोरस पुरुषांचा वाटायला लागतो. दोन्ही ऐकून बघितलं, एकही स्टेजवर लावावंसं वाटेना.

मग हार्मोनियम घेऊन बसले आणि गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर शोधला. मुखडा मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पर्यंत, खाली जातो, अंतरा तार रिषभाच्या, म्हणजे वरच्या सप्तकातल्या रे च्या, वर चढतच नाही. म्हणजे काळी चारमधे माझा मुखडा ऐकूच आला नसता, आणि वर मात्र भरपूर जागा शिल्लक. काळी पाच घेतली तर दोन्ही टोकं आवाजात बसतात, आणि काळी एकवरून काळी पाच म्हणजे ट्रॅक फक्त 3 सेमीटोन खाली! माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, आपली नेहमीची पट्टी धरून बसू नका, त्या गाण्याचा पल्ला बघा, ट्रॅक जितका कमी हलेल तितका चांगला वाजतो.

काम ऑडॅसिटी या कॉम्प्युटरवरच्या ऑडिओ एडिटिंगच्या प्रोग्राममधे केलं, फुकट आहे. चेंज पिच नावाचा इफेक्ट आहे, त्यात सेमीटोनचा आकडा टाकायचा, लय तीच राहते. खाली चांगल्या क्वालिटीसाठी एक चौकोन असतो तो टिक करायचाच, वेळ लागतो पण फरक कळतो. आणि दरवेळी मूळ फाइलपासूनच सुरुवात करा, एकदा बदललेला ट्रॅक परत बदलला की आवाज आणखी फाटतो. जुन्या टेपवर हे जमायचंच नाही, सूर एक सेमीटोन चढवायला टेप जवळजवळ 6 टक्के जोरात फिरवावी लागायची आणि लयही तितकीच पळायची.

आमच्याकडे हार्मोनियम आणि तबला लाइव्ह होता, तिथे वेगळाच प्रश्न आला. ट्रॅक हार्मोनियमपेक्षा किंचित चढा होता, एका सेमीटोनचे 100 भाग केले तर 25 च्या आसपास, जुन्या रेकॉर्डिंगवरून केलेल्या ट्रॅकमधे असं बरेचदा असतं. हार्मोनियम काही ऐनवेळी चढवता येत नाही, म्हणून ट्रॅकच 3 ऐवजी 3.25 सेमीटोन उतरवला आणि मग दोघं एकत्र असे मिळाले की ऐकून खरंच बरं वाटलं.

तबल्याचं काम मात्र भाच्याने केलं. डिमक्स म्हणून एक फुकट प्रोग्राम आहे, तो गाण्याचे चार भाग करतो, गायकाचा आवाज, ड्रम्स, बेस आणि बाकी सगळं. ढोलक, खंजिरी असेल तर तो ड्रम्सचा भाग न उतरवता तसाच परत जोडता येतो, ठोका टणक राहतो. तबल्याचं तसं नाही हो, दायां (उजव्या हाताचा तबला) सुरात लावलेला असतो, बाकीचं उतरवून तो तसाच ठेवला की सरळ बेसूर लागतो. आम्ही तबला काढूनच टाकला, कारण आमचे तबलेवाले काका वाजवणार होते. पण मग म्युझिक पीसमधे, म्हणजे गाणं थांबून नुसती वाद्यं वाजतात तिथे, त्यांना लय कशी कळणार? म्हणून डाव्या चॅनलवर मूळ तबला एकटा ठेवला, तो फक्त काकांच्या इअरफोनला, आणि उजव्या चॅनलवर बाकीचा ट्रॅक, तो मिक्सरला. साउंडवाल्यांना हे आधी नीट सांगावं लागतं, नाहीतर सवयीने ते दोन्ही चॅनल एकत्र करतात. काकांना काळी पाचचा तबला आणा हेही आठवडाभर आधी सांगितलं होतं, ऐनवेळी काळी एकचा लहान तोंडाचा तबला तिथपर्यंत उतरवता येत नाही.

आता ग्रुपमधल्या बाकीच्यांनाही असे ट्रॅक करून हवे आहेत, मी प्रत्येकाकडून आधी गाण्यातला वरचा आणि खालचा सूर लिहून मागते. युगलगीतं तेवढी बाकी आहेत, तिथे दोघांचे मिळून चार सूर बघावे लागतात आणि कुणीतरी एक जण थोडा अडतोच, त्यासाठी कीबोर्डवाल्याकडून नवीनच ट्रॅक करून घ्यायचं ठरवलंय.