हायब्रिडच्या सुट्या भागांत पैसे गुंतवताना

कुपवाड एमआयडीसीत मी गिअरचं मशिनिंग करतो. त्यामुळे शेअर घ्यायचे तर ज्यातलं आपल्याला कळतं त्यातलेच, हे आधीच ठरलं होतं.

डिमॅट खात्याचं घोडं नावावर अडलं. पॅनवर वडिलांचं नाव पूर्ण, आधारवर नुसतं आद्याक्षर. केवायसी परत यायची. आधार दुरुस्त केल्यावर ओटीपीवर ई-साइन झालं. नॉमिनी तेव्हाच लावून टाका, नंतर राहून जातं.

खरी मेहनत पुढंच होती. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या गाड्या 2022 मध्ये आल्यापासून स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे इंजिन असूनही काही वेळ नुसत्या मोटरवर चालणारी गाडी, सगळ्यांच्या तोंडी. आमच्याकडं किर्लोस्करवाडी जवळ, म्हणून जो तो सांगायचा, "किर्लोस्करचे घे की, टोयोटा त्यांचीच." पण हायब्रिडचा ई-ड्राइव्ह, म्हणजे चाक फिरवणारा मोटर-गिअरचा संच, बनवते बंगळुरूजवळच्या बिडदीची टोयोटा किर्लोस्कर ऑटो पार्ट्स, आणि ती शेअर बाजारात नाही. आपल्या वाडीची किर्लोस्कर ब्रदर्स बाजारात आहे, पण तिचा धंदा पंपांचा. गुजरातेत सुझुकी, तोशिबा आणि डेन्सोनं उभारलेली बॅटरी कंपनीसुद्धा बाजारात नाही.

राहिले सुटे भागवाले. त्यातली सोना कॉमस्टार 2021 मध्ये बाजारात आली. डिफरन्शिअल गिअर (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे) आणि मोटर करते. तिच्या अहवालात विक्री वेगवेगळी दाखवलेली असते: बॅटरी गाड्यांची, हायब्रिडची, इंजिनवाल्यांची. हायब्रिडच्या रकान्यात मात्र मायक्रो-हायब्रिडही धरलेलं असतं. म्हणजे सिग्नलला बंद झालेलं इंजिन पुन्हा चालू करणारी स्टार्टर मोटर. तिच्यावर चाक फिरत नाही. नुसता 'हायब्रिड' शब्द वाचून पैसे लावणाऱ्यानं एवढं तरी बघावंच.

गिअरचं मला नीट कळतं. मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देते, तो सगळा दातावर येतो. शिवाय इंजिनचा आवाज नसल्यानं गिअरची बारीक शीळही गाडीत ऐकू येते. असे दात हजारोंनी एकसारखे काढणं सोपं काम नव्हे, म्हणून या कंपनीवर माझा विश्वास बसला.

दुसरं कारण कराचं. बॅटरी गाडीवर जीएसटी 5 टक्के, तर 4 मीटरहून लांब हायब्रिडवर सप्टेंबर 2025 पासून 40. उद्या हे फिरलं तर मागणी इकडची तिकडं जाईल, म्हणून दोन्हींना माल देणारीच कंपनी घ्यावी असं माझं ठाम मत झालं.

थोडेच शेअर घेतले. दुसऱ्या दिवशी खात्यात जमा. आता दर तिमाहीला निकालानंतरच्या कॉन्फरन्स कॉलची प्रत बीएसईच्या साइटवरून उतरवतो आणि आधी हायब्रिडच्या विक्रीचं काय म्हणालेत ते शोधतो.