‘खाली बस!’

आठवणी बाकीचे लिहितीलच. मुलांच्या वर्तनसमस्या हे माझं रोजचं काम, म्हणून या स्मरणिकेत वर्गावर्गातून ऐकू येणाऱ्या दोनच शब्दांबद्दल लिहितो.

१९६८ साली मॅडसेन, बेकर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत पहिलीच्या वर्गात मोजदाद केली. शिक्षिका ‘खाली बसा’ जास्त वेळा म्हणू लागल्या, तशी मुलं जास्त वेळा उठू लागली. बसून काम करणाऱ्यांचं कौतुक सुरू झालं, तेव्हा उठणं कमी झालं. गंमत अशी की ओरडल्यावर मूल त्या क्षणी बसतंच. त्यामुळे बाईंना उपाय लागू पडल्यासारखा वाटतो आणि ओरडण्याची सवय त्यांनाच जडते!

डी.एड.ला साधक अभिसंधान (वागण्याच्या परिणामातून शिकणं) म्हणजे मानसशास्त्रज्ञ स्किनरचा उंदीर असायचा: कळ दाबली की दाणा. पण वर्गातला दाणा कोणता, हे देणारा ठरवत नाही. ज्याच्याकडे एरवी कुणी बघत नाही, त्याला रागावणंही चालतं. गणित नकोसं असलेल्याला वर्गाबाहेर काढलं की त्याची सुटकाच होते, आणि दंगा पक्का होतो. नकोसं टळल्यामुळे वागणं असं पक्कं होणं, याला ऋण प्रबलन म्हणतात. गाइडांमध्ये ते सर्रास ‘शिक्षा’ म्हणून छापलेलं असतं, ते चूक.

आधी चार-पाच दिवस नुसतं टिपा: मूल कधी उठलं, त्याआधी काय चाललं होतं, उठल्यावर त्याला काय मिळालं. मग हवं ते घडताक्षणी बोला, नेमकं बोला: ‘वही काढलीस, तारीख टाकलीस, छान.’ सुरुवातीला दर वेळी, जम बसल्यावर मधूनमधून. दहा गणितांना हात न लावणाऱ्याकडून पहिल्या दिवशी वही उघडली तरी पुरे, मग एक गणित, मग दोन.

दंग्याकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं की पहिले काही दिवस तो वाढूही शकतो. इथेच घात होतो. तिसऱ्या दिवशी सर ओरडतात आणि मूल शिकतं की आवाज आणखी चढवला की काम होतं. बाकीची मुलं हसत असतील तर एकट्या सरांच्या दुर्लक्षाने काही होत नाही. मारामारीकडे तर दुर्लक्ष करायचंच नाही.

आणि तो लाल शाईतला ‘छान’ शेरा. वह्यांचा गठ्ठा पंधरा दिवसांनी परत आला, तर तो शेरा कुठल्या ओळीसाठी होता हे मुलाला कळत नाही. बाकांमधून फिरताना ओळ लिहून होताच तिथेच बरोबरची खूण केलेली चांगली.