कोटावरचा डाग

मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घरातलं तैलचित्र. खुर्चीत बसलेले आजोबा, डोक्याला फेटा, अंगात तपकिरी कोट. कोटावर पोटाच्या बाजूला तळहाताएवढा फिकट डाग. "तेवढा डाग काढून द्या की. कुणीतरी ओला फडका फिरवला असणार," घरातल्या काकांचं म्हणणं.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतात, बुरशी धरते, त्यामुळं पहिला संशय तिचाच. पण बुरशी वर बसते. इथं तिरप्या उजेडात पृष्ठभाग सपाट होता, चमकही एकसारखी. अशा वेळी सॉल्व्हंटचा, म्हणजे वार्निश-रंग विरघळवणाऱ्या द्रवाचा, बोळा लावणं म्हणजे जुगार.

आधी खोली पूर्ण अंधारी करून 365 नॅनोमीटरचा अतिनील दिवा लावला. नैसर्गिक राळेचं जुनं वार्निश यात हिरवट चमकतं आणि त्याच्यावर नंतर केलेलं टचिंग, म्हणजे रंगाची डागडुजी, काळं दिसतं. फेट्याच्या कडेला तसा एक काळा ठिपका निघालाच. डागावरचा हिरवट थर मात्र अखंड होता. म्हणजे कारण वार्निशच्या खाली होतं.

मग इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, पण बऱ्याच रंगांच्या थरातून आत जाणारा प्रकाश. सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच काढलेला कॅमेरा आणि लेन्सवर 1000 नॅनोमीटरचा फिल्टर. घरातले एलईडी दिवे इथं बिनकामाचे, कारण पांढऱ्या एलईडीत इन्फ्रारेड जवळपास नसतंच. हॅलोजन लागतो. दोन बाजूंनी 45 अंशांत, चित्रापासून चांगला लांब, आणि फोटोपुरताच चालू. उष्णतेनं कॅनव्हास सुकून आक्रसतो, मग रंग उचलतो.

सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते फोकसमुळं. साध्या उजेडात फोकस करून वर फिल्टर चढवला की चित्र धूसर येतं, कारण इन्फ्रारेडचा फोकस सरकलेला असतो. म्हणून कागदावर शिसपेन्सिलची रेघ मारून तो चित्राच्या पातळीत धरायचा आणि फिल्टर लावल्यावरच स्क्रीनवर मोठं करून फोकस जुळवायचा. एक्स्पोजर काही सेकंदांचं. माडीची जमीन लाकडी, कुणी चाललं तरी कॅमेरा हलतो. तेवढा वेळ सगळ्यांना जागेवर बसवलं.

स्क्रीनवर कोट फिका पडला आणि डागाच्या जागी हात दिसला. चार बोटं आणि अंगठ्याची पेन्सिलीची कड स्पष्ट. चित्रकारानं हात आधी पोटावर ठेवला होता, नंतर खुर्चीच्या हातावर नेला. चेहऱ्याखाली पेन्सिलीच्या चौकटीही उमटल्या, म्हणजे चित्र फोटोवरून मोठं केलेलं. पेन्सिलीतला कार्बन इन्फ्रारेड शोषतो म्हणून हे दिसतं. रेखाटन लाल खडूनं असतं तर काहीच हाती लागलं नसतं. खुर्चीचा काळा रंगही कार्बनचाच असावा. तो तसाच काळाकुट्ट राहिला, त्याच्या आतलं काही कळलं नाही.

रंगातलं तेल जुनं होतं तसा त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं प्रमाण, वाढत जातो, वरचा पातळ थर पारदर्शक होतो आणि झाकलेलं वर डोकावतं. तो डाग म्हणजे जुन्या हाताचा त्वचेचा रंग.

पण झाकलं कुणी? हा प्रश्न सोडून चालत नाही. सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याचं पत्र वाचणाऱ्या मुलीचं चित्र जर्मनीत ड्रेस्डेनला आहे. तिच्यामागचा झाकलेला क्युपिड, म्हणजे रोमन प्रेमदेव, 1979 मध्ये एक्स-रेत दिसला, तेव्हा तो व्हर्मीरनंच झाकला असं धरलं गेलं. पुढं रंगाच्या थरांमध्ये वार्निश आणि धूळ सापडली, झाकणारा हात नंतरचा ठरला, आणि क्युपिड उघडा करून 2021 मध्ये चित्र लोकांपुढं आलं.

इथं नुसत्या अतिनील दिव्यावर भरवसा ठेवता येत नव्हता, कारण रंग झाकून वर नवं वार्निश दिलेलं असू शकतं. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली भेगा पाहिल्या. नंतरचा रंग जुन्या भेगांत उतरून त्या बुजवतो. या भेगा मात्र कोटाच्या रंगातून सरळ आरपार गेलेल्या होत्या, कुठंही भरलेल्या नव्हत्या. बदल चित्रकाराचाच, अशी माझी खात्री झाली.

काकांनी फोटो बराच वेळ पाहिला. "मग राहू दे की," एवढंच म्हणाले. मऊ ब्रशनं धूळ काढली, मागच्या पट्ट्या ताणल्या. इन्फ्रारेड फोटोची प्रत चौकटीमागं लावली आणि खाली लिहिलं, 'कोटावरील फिकट भाग मूळ रंगाचा आहे, पुसू नये.' फेट्यावरचं टचिंग काढायचं का, ते पावसाळ्यानंतर हवा कोरडी झाल्यावर पाहू.