दोन टप्प्यांचे मॉडेल रॉकेट: सगळी परीक्षा जोडावर

एका मोटरीची रॉकेटे सरळ उडून पॅराशूटवर परत यायला लागली की दोन टप्प्यांचे, म्हणजे एकावर एक दोन मोटरी असलेले, किट खुणावू लागते. मी बांधले ते अमेरिकेत छंदाच्या दुकानात मिळते त्या प्रकारचे. २४.८ मिमी बाहेरील व्यासाची पुठ्ठ्याची नळी, बालसाच्या हलक्या लाकडाचे फिन (मागचे पंख), प्लास्टिकचा नोज कोन (टोकदार नाक) आणि दोन्ही टप्प्यांत १८ मिमी व्यासाची, ७० मिमी लांबीची काळ्या दारूची मोटर, म्हणजे एकदाच जळणारे दारूचे नळकांडे. जोडल्यावर लांबी ६८ सेंमी. तुकडे कसे चिकटवायचे ते किटमधल्या कागदावर नीट दिलेले होते. वरची मोटर कशामुळे पेटते हे मात्र दोन ओळींत उरकले होते, आणि दोन टप्प्यांचे रॉकेट फसते ते बहुतेक तिथेच.

आधी मोटरी समजून घेऊ. सी६-७ या नावातले अक्षर मोटरीची एकूण ताकद सांगते. बी म्हणजे २.५ ते ५ न्यूटन-सेकंद, सी म्हणजे ५ ते १०. पहिला आकडा सरासरी रेट्याचा, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा म्हणजे दारू संपल्यावर पॅराशूट बाहेर फेकणारा बार उडेपर्यंतचे सेकंद. खालच्या टप्प्यात, म्हणजे बूस्टरमध्ये, शेवटी शून्य असलेलीच मोटर लागते: सी६-० किंवा बी६-०. तिच्यात विलंबाचा थर नसतो, बार नसतो आणि वरचे मातीचे झाकणही नसते. वरच्या तोंडातून पाहिले तर थेट काळी दारू दिसते. साध्या मोटरीच्या तोंडाशी मातीचा थर दिसतो. मोटर बसवण्याआधी छापील अक्षरे वाचाच, पण त्यासोबत तोंडात डोकावूनही पाहा. अदलाबदल झाली तर दोन्हीकडून नुकसान आहे. शून्याची मोटर वर गेली तर पॅराशूट उघडण्यासाठी काही उरतच नाही. सी६-५ खाली गेली तर दारू संपल्यावर रॉकेट पाच सेकंद वेग हरवत जाते, नाक खाली वळते आणि वरची मोटर पेटलीच तर जमिनीच्या दिशेने पेटते.

खालच्या मोटरीतली दारू तळाकडून वर जळत जाते. शेवटी एक पातळ चकती उरते आणि दाबाने ती फुटते. गरम वायू आणि जळते कण वर उसळून वरच्या मोटरीच्या नोझलमध्ये, म्हणजे खालच्या तोंडात, घुसतात. वरची मोटर पेटते ती एवढ्यावरच. त्यात तार नाही, बॅटरी नाही. म्हणून वरच्या मोटरीत इग्नायटर (विजेने पेटणारी वात) बसवायचा नसतो. त्याने आधीच अरुंद असलेले नोझलचे भोक बुजते. ही पद्धत काळ्या दारूच्या मोटरींनाच लागू पडते. अमोनियम परक्लोरेटच्या कंपोझिट मोटरी अशा पेटत नाहीत, त्यांना वर स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक्स लागते.

अडचण अशी की ज्या दाबाने आग वर जाते तोच दाब दोन टप्प्यांना एकमेकांपासून ढकलतो. पेटण्याआधीच टप्पे सुटले तर आग मोकळ्या हवेत विरते आणि वरचा टप्पा न पेटता खाली येतो. माझ्या किटमध्ये दोन्ही मोटरी एकमेकींना टेकतात. अशा रचनेत त्या पारदर्शक सेलोटेपच्या एकाच वेढ्याने जोडायच्या. टेप १२ मिमी रुंद, निम्मी एका मोटरीवर, निम्मी दुसरीवर. वरची पेटेपर्यंत ती जोड धरून ठेवते आणि मग जळून सुटते. दोन-तीन वेढे दिले तर टप्पे वेळेवर सुटत नाहीत. मास्किंग टेप इथे नको, ती जाड असते आणि कपलरमध्ये, म्हणजे दोन टप्पे जोडणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळीत, अडकते.

मोटरी खरोखर टेकतात का, ते बाहेरून दिसत नाही. मी वरच्या टप्प्याच्या मागच्या कडेपासून मोटरीच्या टोकापर्यंत आणि बूस्टरच्या कपलरच्या कडेपासून त्याच्या मोटरीपर्यंत, अशी दोन्ही मापे पेन्सिलीच्या खुणांनी ताडून पाहिली. ३ मिमी फट निघाली. बूस्टरमधली थ्रस्ट रिंग, म्हणजे मोटर जिला टेकून थांबते ती कडी, डिंक सुकण्याआधी तेवढी सरकली होती. रिंग बदलून पुन्हा चिकटवली. ज्या किटमध्ये मोटरींमध्ये मुद्दाम अंतर ठेवलेले असते, तिथे बूस्टरच्या नळीला वरच्या बाजूला भोके असतात. आगीच्या पुढे अडकलेली थंड हवा त्यांतून निघून जाते. ती भोके रंगाने किंवा स्टिकरने बुजू देऊ नका.

कपलर किती घट्ट असावा? वरचा टप्पा हातात धरून हलकेच झटकला की बूस्टर निसटला पाहिजे, पण उभा धरल्यावर जोडात डुगडुग जाणवता कामा नये. माझा कपलर घरी बरोबर बसत होता आणि पहाटे मैदानावर दव पडल्यावर अडकू लागला. पुठ्ठा ओल धरतो. ४०० नंबरचा पॉलिश पेपर म्हणूनच खोक्यात ठेवावा. कपलरच्या बाहेरून रंग लावायचा नाही. आतून मात्र वुड ग्लूचा पातळ हात द्यावा, म्हणजे आगीने पुठ्ठा लवकर करपत नाही.

बूस्टरची मोटर बूस्टरच्या नळीत घट्ट बसायला हवी, कारण ती टेपने वरच्या मोटरीलाही बांधलेली असते. मोटरीभोवती मास्किंग टेपचे एक-दोन वेढे देऊन, जोर लावल्याशिवाय आत जाणार नाही इतकी मी ती घट्ट केली. वरच्या टप्प्याला मोटर धरून ठेवणारी धातूची पट्टी होती, तिथे हे लागले नाही.

फिनबाबत एकच आग्रह आहे. बालसाचे रेषे फिनच्या पुढच्या कडेला समांतर ठेवा, नाहीतर बूस्टर एकदा आपटला की फिन मोडणारच. डिंक वुड ग्लू. सायनोअॅक्रिलेट (सुपरग्लू) पटकन धरतो, पण आपटल्यावर तडकतो. फिनच्या कडेला डिंक लावून नळीवर टेकवायचे, काढायचे, पाच मिनिटे सुकू द्यायचे, मग पुन्हा डिंक लावून कायमचे बसवायचे. दोन्ही टप्प्यांचे फिन एका रेषेत येतील अशी खूण जोडावर केली. उड्डाणाच्या वेळी रॉकेटला सरळ धरणाऱ्या उभ्या रॉडवर सरकणारी कागदी नळी माझ्या किटमध्ये दोन्ही टप्प्यांवर एकेक होती. त्या सुकण्याआधी रॉड दोन्हींतून घालून पाहा. मिलिमीटरभर तिरकेपणाही रॉकेटला रॉडवर अडकवतो.

आता स्थैर्य. दिवाळीच्या बाणाला लांब काठी का असते, तेच इथे फिन करतात: हवेच्या दाबाचे केंद्र गुरुत्वमध्याच्या मागे ठेवायचे. किमान अंतर एका व्यासाइतके, म्हणजे माझ्या रॉकेटला सुमारे २.५ सेंमी. दोन टप्प्यांत मागे दोन मोटरींचे वजन येते, त्यामुळे गुरुत्वमध्य मागे सरकतो. बूस्टरचे फिन मोठे असतात ते यासाठीच. तपासणी दोनदा करायची: पूर्ण रॉकेटची आणि एकट्या वरच्या टप्प्याची, दोन्ही वेळा न वापरलेल्या मोटरी घालून. ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर दाबाचे केंद्र काढून देते. गुरुत्वमध्य नळीला दोऱ्याचा फास लावून, तोलून काढला. पूर्ण रॉकेट दोन सी मोटरींसह ९५ ग्रॅम भरले. दाबाचे केंद्र नाकापासून ५२ सेंमीवर आणि गुरुत्वमध्य ५०.१ वर, म्हणजे अंतर अपुरे. मागच्या फिनांवर रंगाचे थर जास्त झाले होते. नोज कोनमध्ये ४ ग्रॅम माती घातल्यावर गुरुत्वमध्य ४८.३ वर आला. मोटरीच्या पाकिटावर जास्तीत जास्त उड्डाणवजन छापलेले असते. वरच्या टप्प्याचे वजन त्याच्या मोटरीच्या आकड्याशी वेगळे ताडून पाहा.

पहिल्या उड्डाणाला खाली बी६-० आणि वर ए८-५. हा सल्ला फक्त कमी उंचीसाठी नाही. फिन असलेले रॉकेट वाऱ्याच्या दिशेने तोंड वळवते, आणि वरची मोटर पेटते तेव्हा नाक जिकडे असेल तिकडेच ते पुढे जाते. बी६ सुमारे ०.८ सेकंदांत जळते, सी६ जवळजवळ १.८ सेकंद घेते. तो जास्तीचा सेकंद रॉकेटला कलायला पुरतो. माझ्या सिम्युलेशनमध्ये बी-ए जोडी २०० मीटरच्या आसपास गेली आणि सी६-० वर सी६-७ असलेली ४०० मीटरच्या पुढे. सी६ चा रेटा सुरुवातीला क्षणभर १४ न्यूटनपर्यंत चढतो आणि मग पाचाच्या खाली स्थिरावतो. त्या क्षणातच रॉकेटने रॉडवर पुरेसा वेग घ्यायला हवा. म्हणून मी ९० सेंमीचा ३.२ मिमी रॉड सोडून १२० सेंमीचा ४.८ मिमी रॉड घेतला आणि त्याला जुळणाऱ्या कागदी नळ्या लावल्या. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या नियमांत ताशी ३२ किलोमीटर वाऱ्यापर्यंत परवानगी आहे. दोन टप्प्यांसाठी मला ते फार वाटते. झाडाची पाने सतत हलत असतील तर मी मोटरी परत डब्यात ठेवतो.

मैदानावरचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी वॅडिंगचे, म्हणजे पॅराशूटला आगीपासून वाचवणारे, चार चुरगळलेले कागद. मग टाल्कम पावडर लावून पॅराशूट, किंवा मैदान लहान असेल तर त्याऐवजी चकचकीत फीत. ४०० मीटरवर उघडलेले पॅराशूट झुळुकेतही लांब जाते. नंतर मोटरी, टेप, जोड. रॉकेट रॉडवर चढवल्यावरच खालच्या मोटरीत इग्नायटर. कंट्रोलरची, म्हणजे उड्डाणाचे बटण असलेल्या पेटीची, किल्ली खिशात. कंट्रोलरपर्यंत किमान ५ मीटर. बटण दाबूनही पेटले नाही तर किल्ली काढून ६० सेकंद थांबायचे आणि मगच जवळ जायचे. दोन माणसांना नेमून ठेवा: एकाने फक्त बूस्टरकडे पाहायचे, दुसऱ्याने फक्त वरच्याकडे. बूस्टरला पॅराशूट नसते. एकटा पडल्यावर तो अस्थिर असतो, गोल गोल कोलांट्या घेत हळू उतरतो. त्याची मोटर गरम असते, म्हणून वाळलेल्या गवतावर हे उड्डाण करूच नये.

भारतात जाताना भाच्यासाठी किट न्यायचे असेल तर नळ्या आणि फिन न्या, मोटरी नकोत. विमानात त्या चेक-इन सामानातही चालत नाहीत, आणि काळी दारू भारतात स्फोटकांच्या कायद्याखाली येते. घरी दारू ठासून मोटर करण्याचा विचारही करू नका, त्यात बोटे आणि डोळे गेले आहेत. तिथे पाण्याच्या बाटलीचे रॉकेट करावे. गुरुत्वमध्य आणि दाबाचे केंद्र त्यावरही शिकता येते.

उड्डाणानंतर बूस्टर आधी उचला आणि आतून पाहा. कपलरची कड काळी होणे ठीक, पण पुठ्ठ्याचे पापुद्रे सुटले असतील तर पुढच्या वेळी ते मोटरींच्या मधे येतील. मी पापुद्रे कापून कडेला पातळ वुड ग्लू लावतो, रात्रभर सुकू देतो आणि दोन मोटरींमधले अंतर पुन्हा मोजतो.