वाकडा तीन

२०१८ च्या उन्हाळ्यात बाबा इंग्लंडमध्ये, लँकेस्टरला आमच्याकडे राहायला आले आणि तिसऱ्या आठवड्यात कंटाळले. तळी बघून झाली, बोटीत बसून झालं, मेंढ्या मोजून झाल्या. एका संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "अगं, लोखंड कुठे ठेवलंय या लोकांनी? सगळीकडे नुसतं गवत!"

बाबा रस्टनला होते. चिंचवडच्या जुन्या लोकांना एवढं पुरतं. इतरांसाठी सांगते. रस्टन अँड हॉर्न्सबी ही मूळची इंग्लंडमधल्या लिंकन गावची कंपनी, आणि तिच्या हिंदुस्थानातल्या कंपनीचा कारखाना चिंचवडला होता, डिझेल इंजिनांचा. बाबा तिथे विसाव्या वर्षी अप्रेंटिस म्हणून लागले आणि पुढची बरीच वर्षं टेस्ट बेडवर काढली. तयार झालेलं इंजिन तिथे तासन् तास चालवून बघायचं, भार वाढवत न्यायचा, तापमान लिहायचं, मगच ते गेटबाहेर. आमच्या घरी रस्टन हे कंपनीचं नाव नव्हतंच, ते ठिकाण होतं. शाळा, मंडई, रस्टन.

सप्टेंबरात त्यांना थ्रेल्केल्डला घेऊन गेले. लँकेस्टरहून मोटरवेनं पेनरिथ, तिथून केझिकच्या रस्त्याला लागायचं, सव्वा तास. केझिकच्या अलीकडे ब्लेन्काथ्राचा डोंगर एका बाजूला आणि समोरच्या उतारावर जुनी दगडखाण. ही खाण १८७० च्या दशकात सुरू झाली. पेनरिथ-केझिक रेल्वेला रुळांखाली टाकायला खडी लागत होती, ती इथून जायची. १९८२ मध्ये खाण बंद पडली. आम्ही गेलो तेव्हा तिथे खाणकामाचं संग्रहालय होतं, आणि जुनी उत्खनन यंत्रं गोळा करून ती चालती ठेवणारी हौशी मंडळी होती. ठरलेल्या शनिवार-रविवारी ती सगळी यंत्रं सुरू करून लोकांसमोर खरं काम करायची. खाण आहेच, दगडमाती आहेच, उकरायला कुणाची परवानगी नको.

फाटकातून आत शिरताच डाव्या हाताला छोटी इंजिनं मांडली होती. लिस्टर, पेटर, दोन रस्टन हॉर्न्सबी. प्रत्येकाच्या मागे घडीच्या खुर्चीवर एकेक आजोबा, थर्मास घेऊन. एकाचं इंजिन बादलीतलं पाणी उपसून त्याच बादलीत परत सोडत होतं. बाबा तिथे थांबले ते वीस मिनिटं हलेनात. त्या आवाजाला माझ्याकडे दुसरा शब्द नाही, आजोळच्या पिठाच्या गिरणीचा आवाज. एक ठोका, मग इतका वेळ शांतता की बंद पडलं असं वाटावं, मग पुढचा ठोका.

पुढे खाणीच्या तळाशी वाफेचं उत्खनन यंत्र उभं होतं. त्याला इथे नॅव्ही म्हणतात. कालवे खणणाऱ्या मजुरांना नॅव्ही म्हणत, त्यांच्या जागी यंत्र आलं तेव्हा नावही त्यांचंच घेऊन आलं. मँचेस्टरच्या जहाज-कालव्याचं काम १८८७ ते १८९४ असं चाललं. त्यावर हजारो माणसं राबली आणि त्यांच्या जोडीला रस्टनच्या लिंकनच्या कारखान्यातल्या वाफेच्या नॅव्ही होत्या. थ्रेल्केल्डची नॅव्ही १९०९ ची, क्रमांक ३०६. ती बेडफर्डशरमधल्या आर्लसी गावात सिमेंटसाठी खडू उपसत होती. काम थांबलं, खाणीत पाणी भरलं आणि यंत्र तिथेच तळाला राहिलं. वर निळंशार तळं झालं, लोक त्यात पोहायला लागले. १९७७ मध्ये तिला बाहेर काढलं आणि लिंकनच्या कारखान्यातल्या अप्रेंटिस पोरांनी ती उभी केली. आम्ही गेलो त्या दिवशी तिला वाफ केलेली नव्हती, थंडच होती. बाबांनी बादलीच्या दाताला हात लावला, आणि एवढंच म्हणाले, "अप्रेंटिस पोरांनी." दोनदा म्हणाले.

मला खरं सांगायचंय ते २२-आरबीबद्दल.

१९३० मध्ये लिंकनच्या रस्टननं अमेरिकेतल्या ब्युसायरस-ईरी कंपनीशी मिळून रस्टन-ब्युसायरस ही उत्खनन यंत्रांची वेगळी कंपनी काढली. त्यांचं २२-आरबी इतकं चाललं की इथल्या कोणत्याही जुन्या कंत्राटदाराला नुसतं 'ट्वेंटी-टू' म्हटलं तरी कळतं. आपल्याकडे अशा यंत्राला आज सरसकट पोकलेन म्हणतात. पोक्लँ ही फ्रेंच कंपनी, तिचं नाव आपल्या गावागावात यंत्राचं नाव होऊन बसलं. पण पोकलेनमध्ये सगळी ताकद तेलाच्या दाबातून येते, ती नळ्यांमधून वाहते आणि डोळ्यांना दिसत नाही. २२-आरबीमध्ये तेलाचा दाब नाही. तारेचे दोर आहेत, ड्रम आहेत, क्लच आहेत, ब्रेक आहेत. इंजिन एका लयीत फिरत राहतं आणि चालक ठरवतो की आत्ता कोणत्या ड्रमला ते जोडायचं.

त्या दिवशी त्यावर ड्रॅगलाइन लावलेली होती. लांब जाळीदार हात, म्हणजे जिब. त्याच्या टोकावरून येणाऱ्या दोरावर लटकलेली बादली, आणि बादलीला पुढून ओढणारा दुसरा दोर. बस, दोन दोर. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. तो म्हणाला, बादली तर नुसती लोंबकळतेय, ती उकरणार कशी? मलाही कळेना. बाबांनी खाली बसून बुटाची नाडी सोडली आणि नाडीनं आणि गाडीच्या किल्लीनं त्याला दाखवलं.

पुढचा दोर ताणलेला असेल तर बादलीचं तोंड वर राहतं, माल आत राहतो. तो दोर सैल सोडला की तोंड खाली पडतं आणि माल सांडतो. भरताना बादली जमिनीवर टेकवायची आणि पुढच्या दोरानं यंत्राकडे ओढायची, दात आपोआप मातीत घुसतात. भरली की वरचा दोर ओढायचा, पण पुढचा सैल पडू द्यायचा नाही, नाहीतर अर्ध्या वाटेत सगळं रिकामं. म्हणजे एक हात ओढत असताना दुसऱ्यानं धरून ठेवायचं, पायानं ब्रेक सांभाळायचा, आणि हे सगळं चालू असताना अख्खं यंत्र वळवायचं.

चालक सत्तरीचा असावा. निळा डांगरी, कानावर जुनी लोकरी टोपी. लांब फेक करायची असली की तो बादली आधी यंत्राच्या जवळ ओढून घ्यायचा, झोपाळा मागे घेतात तशी, आणि मग सोडायचा. बादली झोक्यासरशी जिबच्या टोकाच्याही पलीकडे जायची आणि झोका संपायच्या नेमक्या क्षणी तो ब्रेक सोडायचा. धप्प. मातीचा एक ढग. दोर सळसळत यायचा, ताणला जायचा आणि इंजिनचा आवाज एकदम खालच्या पट्टीत उतरायचा. भार आला की इंजिन असंच हुंकारतं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. मला आधी वाटलं दमले. मग बघते तर उजव्या हाताची बोटं पँटवर हळूहळू वर-खाली होत होती, दर हुंकाराला.

मी पुण्यात, मुंबईत, इथेही पुष्कळ संग्रहालयं पाहिली आहेत. चकचकीत रंग दिलेलं यंत्र, भोवती दोरी, हात लावू नये अशी पाटी. त्यातून त्या यंत्राचं वजन कळतं, वर्ष कळतं. ते काम करताना दिसलं तरच कळतं की माणसाचे हात-पाय त्यात कुठवर गुंतलेले होते. हा चालक खुर्चीतून उठून यंत्र बाहेरून बघत राहिला असता तर बादली एक इंचही शहाणपणानं हलली नसती. आणि हे कौशल्य पुस्तकात उतरवता येत नाही. कुणीतरी खुर्चीत बसून दुसऱ्याला शेजारी उभं करावं लागतं. तिथे शेजारी एक विशीतली मुलगी उभी होती, दर शनिवार-रविवारी शिकायला येणारी. दुपारनंतर तिनं चार-पाच बादल्या भरल्या. एक वाटेतच सांडली. कुणी हसलं नाही.

दीड वाजता यंत्र जेवायला थांबलं. आम्हीही एका दगडावर बसून थालीपीठ काढलं. बाबांचं लक्ष खाण्यात नव्हतं. शेवटी मीच चालकाकडे जाऊन म्हटलं, माझे वडील रस्टनमध्ये होते, इंजिन बघू द्याल का त्यांना? तो म्हणाला, लिंकनला? मी म्हटलं, नाही, पुण्याजवळ, हिंदुस्थानात. त्यानं हातातलं सँडविच डब्यात परत ठेवलं आणि मागचं सरकतं दार उघडलं.

आत रस्टनचंच डिझेल इंजिन होतं. हिरवा रंग, त्यावर तेलाचा काळा थर, आणि तो वास. तो वास मी ओळखते. बाबा दुसऱ्या पाळीहून आले की बाहेरच्या खोलीत यायचा, लाइफबॉयनं दोनदा धुतल्यावरही राहायचा. बाबांनी तळवा इंजिनाच्या अंगावर ठेवला. मग वाकून काहीतरी शोधायला लागले. चालकाला कळलं. त्यानं खिशातून चिंधी काढली आणि एक लहानशी पितळी पट्टी पुसली. लिंकन, इंग्लंड. खाली इंजिनचा नंबर.

इथे एक गोष्ट मला माहीत नव्हती. पहिलं वर्षभर बाबांचं काम हेच होतं. नंबर पंच करायचे. पोलादी पंच, प्रत्येकावर एक आकडा, पट्टीवर सरळ धरायचा आणि हातोडीचा एकच ठोका. दुसरा ठोका मारला की आकडा दुहेरी दिसतो, पट्टी बाद. पहिल्या महिन्यात डाव्या अंगठ्याची नखं दोनदा काळी झाली होती म्हणे. बावन्न वर्षं बापाची मुलगी असून हे मी खाणीत उभी राहून ऐकलं.

बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला, पट्टीवरून बोट फिरवलं आणि एका आकड्यावर थांबले.

"हा तीन बघ."

मी बघितलं. बाकीचे आकडे एका रेषेत होते, तीन तेवढा किंचित डावीकडे कलला होता.

"पंच सरकलाय ठोक्याला. नवा पोरगा असणार. सोमवारचं काम." मग चालकाकडे वळून त्यांच्या इंग्रजीत म्हणाले, "न्यू बॉय."

चालक खाली वाकला, त्यानं नीट पाहिलं. त्या यंत्रावर तो किती वर्षं बसतोय देव जाणे, पण तो तीन त्यालाही पहिल्यांदाच दिसला असावा. त्यानं त्या शिकाऊ मुलीला हाक मारली. तिनं फोनचा उजेड धरला. माझा मुलगा चौघांच्या मधून डोकं घालून बघत होता. पाच डोकी आणि एक वाकडा आकडा. लिंकनचा तो पोरगा पुढे कोण झाला असेल, कुणास ठाऊक. त्याचाही अंगठा काळा पडला असेल.

दुपारभर आम्ही तिथेच होतो. पाऊस आला, गेला, परत आला. कुणीही यंत्र बंद केलं नाही.

चार वाजता काम संपलं. चालकानं बादली जमिनीवर टेकवली, दोर सैल केले, ब्रेक अडकवले, सगळे दांडे मधल्या जागी आणले. इंजिन मात्र बंद केलं नाही. ते हळू गतीवर तसंच फिरत ठेवून तो खाली उतरला आणि आमच्या शेजारी येऊन उभा राहिला. मुलगा म्हणाला, आता चालू कशाला ठेवलंय?

"भार काढल्यावर लगेच बंद करत नाहीत," बाबा म्हणाले. "आधी निवू द्यायचं त्याला."

दोघंही मनगटावरचं घड्याळ बघत उभे होते, चालक त्याचं, बाबा त्यांचं. पाऊस भुरभुरत होता. मग बाबांनी मान हलवली, आणि तो माणूस वर चढला.