पाच फेब्रुवारीची बाई

आमच्या घरातले फोटो अल्बममध्ये कधी टिकलेच नाहीत. एक अल्बम होता तसा, काळ्या जाड पानांचा, मधे बटरपेपर वगैरे, पण त्याचे चिकटवलेले कोपरे सुटायला लागले आणि उघडला की फोटो मांडीवर सांडायचे, मग आजीने वैतागून सगळे एका साडीच्या खोक्यात भरले ते कायमचे. लग्नातले, मुंजीतले, पासपोर्ट साइज, कुणाच्या तरी सेंड ऑफचे, सगळे एकत्र. आणि त्या खोक्याला हात लावला की कुणीतरी मोठं माणूस येऊन शेजारी बसणार आणि सुरू होणार, हा कोण ओळख बरं?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी आलं. आमच्या गावभागात पूर म्हणायची पद्धत नाही, पाणी आलं म्हणतात, पाहुणा आल्यासारखं. २००५ ला कुठवर आलेलं त्याची भिंतीवर खूण होती, त्या खुणेच्या वर हातभर अंतर सोडून सगळं सामान चढवलं आणि निवांत झालो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं. खूण बुडाली, हातभर अंतर बुडालं, साडीचा खोका पण बुडाला.

पाणी ओसरल्यावर खोका उघडला तर आत फोटो नव्हते, वीट होती. चिखलाने माखलेली ओली वीट, आणि वास तर विचारू नका. मी पुण्याहून सुट्टी टाकून आलेले, ती वीट बादलीत घालून तशीच आत्याकडे विश्रामबागेत नेली, काका-काकू पण तिथेच मुक्कामाला होते. वाळू द्यायची नाही हे कुठंतरी वाचलेलं, एकदा का वाळली की फोटो एकमेकांना सोडत नाहीत. स्वच्छ गार पाण्यात भिजत ठेवायचं आणि वाट बघायची, ते आपोआप सुटायला लागतात, मग कोपऱ्याला धरून हळूच उचलायचं आणि दोरीवर चिमटा लावायचा. चित्रावर बोट फिरवायचं नाही, चिखल कितीही दिसला तरी, कारण चित्र म्हणजे एक जिलेटिनचा थर असतो आणि ओला असताना तो सायीसारखा निघून येतो. माझा एक फोटो असाच बोटाला लागून आला.

आत्या खुर्ची टाकून बसलेली, तिचे गुडघे गेलेत त्यामुळे ती कामाला नाही, पण कॉमेंट्रीला होती.

गंमत म्हणजे जुने ब्लॅक अँड व्हाइट बहुतेक वाचले. जाड कागद, त्यात चित्र चांदीच्या कणांचं, धुऊन काढले तर काही काही पहिल्यापेक्षा बरे दिसायला लागले. वाट लागली ती रंगीत फोटोंची, म्हणजे आमच्या पिढीची. रंगीत कागदावर तीन थर असतात, वरचा निळसर तो आधी जातो आणि माणसं लालभडक दिसायला लागतात, मग पिवळी, मग पांढरा कागद. माझा पहिला वाढदिवस म्हणजे आता एक लाल-पिवळा भोवरा आहे, आणि कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेली केशरी तारीख मात्र खणखणीत! तो भोवरा हातात घेऊन आत्या म्हणाली, "हा बघ, इथं तू, इथं केक, आणि ही मी, तो केक मिरजेहून आणलेला बसमधनं, माझ्या मांडीवर, आणि ब्रेक लागला तसा नाव होतं तिथं माझा अंगठा गेला." तिला सगळं दिसत होतं. मला भोवरा.

आणि आजीचा तो सुप्रसिद्ध फोटो वाचला, देवाची कृपा. आण्णा म्हणजे आजोबा, त्यांच्याकडे आगफा क्लिक थ्री होता, त्या काळी बऱ्याच घरात असायचा तो, रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. रोल हातानेच फिरवायचा, मागच्या लाल काचेत आकडा येईपर्यंत. विसरलं तर एकावर एक. तर आजी गणपतीच्या देवळाबाहेर उभी आहे, नऊवारीत, एकदम करारी, आणि तिच्या पोटातून आरपार आमची म्हैस बघतेय. आण्णा म्हणायचे फिरवायला तूच दिला नाहीस, घाई केलीस. आजी म्हणायची म्हशीवर जीव जास्त. बारातला एक फोटो वाया गेला यावर त्या दोघांचं तीसेक वर्ष भांडण चाललं, आत्याच्या मते आण्णांची चूक, बाबा असते तर नक्की आजीची म्हणाले असते. मी मागे पेन्सिलने दोन्ही लिहून ठेवलंय.

पेन्सिलनेच, कारण शाई टिकत नाही हे त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. मागे शाईने लिहिलेलं सगळं निळं पाणी होऊन गेलं, पेन्सिलचं शब्द न शब्द जागेवर.

काकाचे फोटो सगळ्यात जास्त. काका महाबळेश्वरला घोड्यावर, काका जीपच्या बॉनेटवर, काका देवळाच्या वरच्या पायरीवर आणि बाकी सगळे खालच्या. ते चटाचटा लटकवले.

मग ती बाई आली. म्हणजे पाच फेब्रुवारीची बाई. आमच्या खोक्यात लहानपणापासून एक फोटो आहे, स्टुडिओतला, पूर्ण उभा, मागे रंगवलेला जिना आणि कारंजं, स्टुलावर फुलदाणी, त्यावर हात ठेवून एक बाई उभी. दोन वेण्या पुढे घेतलेल्या, चेहरा हसू दाबल्यासारखा. कोण ते कुणालाच माहीत नाही. मागे जांभळ्या शिक्क्यातलं नुसतं तासगाव वाचता येतं आणि खाली पेन्सिलने ५-२. म्हणून पाच फेब्रुवारी. आम्ही भावंडं तिच्यावर गोष्टी रचायचो, ती हरवलेली मावशी होती, एकदा तर बाबांनी ती क्रांतिकारक होती म्हणून पण ठोकून दिलेलं. काकाला विचारलं की तो म्हणायचा, असेल कुणीतरी, ठेव आत.

तिला दोरीवर लावलं आणि पुढचाच फोटो निघाला तो आत्याचा, तसाच स्टुडिओ, तसंच स्टूल. मी म्हणलं हा कधीचा गं?

"स्थळाचा." आत्या एकदम सरसावून बसली. "साडी शेजारणीची, घड्याळ मावशीचं, आणि पायात काय आहे ते दिसू नये म्हणून साडी खाली ओढलेली, अनवाणी होते मी, चप्पल बाहेर काढायला लावली त्या फोटोवाल्यानं." तीन कॉप्या काढल्या होत्या म्हणे. पत्रिकेबरोबर फोटो जायचा आणि पसंत नसेल तर परत यायचा, निदान यायला पाहिजे असा रिवाज, कारण कॉप्या काढायला पैसे पडायचे. दोन आल्या. तिसरी इस्लामपूरला गेली ती गेलीच. "मुलगी नको तर नको, पण फोटो तरी पाठवायचा की मेल्यांनी. अजून असंल कुणाच्यातरी ट्रंकेत."

फोटो उलटा केला तर मागे पेन्सिलने, आण्णांच्या अक्षरात, ५-०.

"पाच तारीख?" मी.

"तारीख कुठली, उंची ती! आणि ती पण खोटी, मी चार-अकरा. आण्णांनी इंच वाढवला."

मग आम्ही दोघी गप्प झालो आणि एकदमच दोरीकडे बघितलं. पाच-दोन. पाच फूट दोन इंच. तासगाव. आत्याने तोंडाला पदर लावला. "अगं बाई, आपण पण नाही पाठवला की कुणाचातरी." मी म्हणलं पण कुणासाठी आलेला? बाबांचं लग्न तर कॉलेजातनं ठरलेलं. आत्या काही बोलेना, नुसतं डोळ्यानं आतल्या खोलीकडे दाखवलं, तिथं काका पेपर वाचत बसलेला.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आली. आत्याने पटकन त्या फोटोवर टॉवेल टाकला, आणि मला म्हणते कशी, "पासपोर्ट साइजचे बघ जरा आधी."

काकूने ट्रे खाली ठेवला, टॉवेल उचलला, खाली टपटप पाणी गळत होतं ते बघितलं आणि चिमटा नीट केला.

"तासगावची आहे," काकू म्हणाली. "उंच होती म्हणून नको म्हणाले तुझे काका. स्वतः पाच-एक. मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच दाखवलेला फोटो, मी काय चार-दहा, मला काय." मग परत पाठवला का नाही असं आत्याने विचारलं तर म्हणे आजीने पाकीट आणायला यांनाच पोस्टात पिटाळलं होतं, हे दोनदा जाऊन हात हलवत आले, पोस्ट बंद म्हणून.

आणि मग आतल्या खोलीकडे तोंड करून, सगळ्या विश्रामबागेला ऐकू जाईल अशा आवाजात,

"अहो, पाच-दोन वाळत घातलीय, बघून घ्या!"

आतून पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. काका मात्र बाहेर आला नाही.