रिकाम्या झालेल्या खोऱ्यात : बामणोली ते वासोटा

आधी कामाची गोष्ट. ओळखपत्राची झेरॉक्स सोबत ठेवा. आम्ही चौघं होतो, त्यातल्या एकाकडे ती नव्हती आणि बामणोलीत पाऊण तास तिथंच गेला. वासोटा किल्ल्याच्या दिवशी पाऊण तास फार असतो, कारण वनखात्याचा परवाना त्याच दिवसापुरता असतो, मुक्कामाला बंदी आहे आणि अंधाराच्या आत जंगलातून बाहेर पडावंच लागतं.

साताऱ्याहून कासमार्गे बामणोली साधारण ३५ किलोमीटर. कासच्या पुढे रस्ता उतरायला लागला की गाड्या एकदम कमी होतात आणि खाली शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, दिसतो. आम्ही मे महिन्यात गेलो. पाणी बरंच उतरलेलं, काठाला तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडलेला. हिरवं रान हवं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात या. मला मात्र हे उतरलेलं पाणीच बघायचं होतं.

बोटीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. त्यामुळे दोघं-तिघंच असाल तर घाटावर दुसरा गट शोधून त्यांच्यात मिसळा. पैसे रोख न्या. मोबाईलची रेंज बोट सुटल्यावर थोड्याच वेळात जाते.

वाटेत एका जागी बोटवाल्या मामांनी इंजिन बंद केलं, पंखा वर उचलला आणि बोट नुसती वाहू दिली. पाणी सपाट दिसत होतं, म्हणून विचारलं तर म्हणाले, "हितं देवळाचा चौथरा हाय. देव वर नेला, चौथरा ऱ्हायला." पुढे आणखी दोनदा तसंच केलं. एकदा शेताचे बांध होते, एकदा घरांची जोती. खालची गावं त्यांना पाठ आहेत, ती अशी पंखा तुटू नये म्हणून.

नकाशा काढून बघितलात तर हे खोरं का बुडालं ते कळतं. घाटमाथ्यावरच्या बहुतेक नद्या पूर्वेला पळतात. महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना मात्र सह्याद्रीच्या कण्याला बिलगून सरळ दक्षिणेला जाते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. लांबलचक, अरुंद खोरं, दोन्ही बाजूंना डोंगर आणि पश्चिमेला कोकणात उतरणारा कडा. कोयना धरण १९६४ साली पूर्ण झालं. भिंतीची उंची १०३ मीटर, तर मागं पाणी तुंबलं सुमारे ५० किलोमीटर. त्यातलं बरंचसं बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडून वीज केली जाते, म्हणजे कृष्णेच्या वाटणीचं हे पाणी शेवटी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. खोऱ्यातली भातखाचरं गेली, पायवाटा गेल्या. माणसं रायगड, ठाणे, सोलापूरपर्यंत पांगली, बरीच मुंबईला गेली. उरलेल्या काठाच्या जंगलाचं १९८५ मध्ये अभयारण्य झालं. मग २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प आणि २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान.

म्हणून या भागाला 'दुर्गम' म्हणताना मी अडखळतो. जावळीचं रान दाट होतं हे खरंच, पण ते वाटांनी भरलेलं होतं. चंद्रराव मोऱ्यांची सत्ता उभी होती ती कोकणातून देशावर चढणाऱ्या घाटवाटांच्या जोरावर. शिवाजी महाराजांनी १६५६ साली जावळी घेतली आणि १६६० मध्ये वासोटाही. जिथं माल आणि फौजा ये-जा करत, तिथं आज बहुतेक जण बोटीनंच पोचतात.

बोट दीड तासाने पायथ्याला लावली. पाणी कमी असल्यानं भेगाळलेल्या चिखलातून चांगलंच चालावं लागलं. चप्पल घालून येणाऱ्यांनी इथंच परत फिरावं. पायथ्याचं मेट इंदवली हे गाव आता ओसाड आहे. मेट म्हणजे गडाखालची चौकी. ज्या गावाचं कामच येणाऱ्याला अडवून विचारपूस करायचं, तिथं आता वनरक्षक पिशव्या उघडून प्लॅस्टिक मोजतात आणि परतताना पुन्हा मोजतात. आकडा जुळायला हवा. मला हे फार आवडलं. (आमची एक बाटली जास्त भरली. वाटेत पडलेली उचलली होती, आणि ती 'जास्त' का, हे समजावताना नाकी नऊ आले.)

ओढ्यापाशी मारुती आहे. तिथून चढ सुरू होतो तो दोन-अडीच तास सुटत नाही. पण सावली जवळजवळ माथ्यापर्यंत मिळते. मध्ये एक फाटा नागेश्वराच्या गुहेतल्या देवळाकडे जातो. एका दिवसात दोन्ही करायचं असेल तर पहिल्या बोटीनंच निघा, नाहीतर गडच धरा. पाणी माणशी तीन लिटर घ्या. गव्यांच्या खुणा वाटेवर होत्या, दर्शन मात्र एका शेकरूनंच दिलं. पावसाळ्यात जंगल बंद असतं.

माथ्यावर पडके दरवाजे, बिनछपराचा मारुती, टाकं, महादेवाचं देऊळ. बांधकाम फार उरलेलं नाही. या गडावर ताई तेलिणीनं पंतप्रतिनिधींच्या बाजूनं पेशव्यांच्या बापू गोखल्यांना महिनोन् महिने झुंजवलं. वासोटा, सोटा, कासोटा अशी यमकं जुळवून गोखल्यांची टर उडवणारी ओळ अजून लोकांच्या तोंडी आहे. पुढं पेशव्यांनी पकडलेले हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी इथं कैदेत होते. एप्रिल १८१८ मध्ये तोफा लागल्या, गड पडला आणि ते सुटले.

बाबूकड्यावर मात्र वेळ ठेवा. नालाच्या आकाराचा, थेट खाली तुटलेला कडा, समोर जुना वासोटा हा डोंगर, आणि पश्चिमेला कोकण. काठावर वारा जोरात असतो. फोटोसाठी पुढं सरकू नका, तिथं कठडा नाही.

परतीची वेळ बोटवाल्याशी सकाळीच ठरवा, कारण वरून फोन लागत नाही. आणि बामणोलीहून रात्री निघालात तर कास चढताना गाडी हळू घ्या. आम्हाला वळणावर रस्त्यात दोन गवे उभे दिसले. ते बाजूला होईपर्यंत आम्ही दिवे मंद करून दहा मिनिटं बसून राहिलो.